दुखत नाही, म्हणूनच दाखवा

सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात वारंवार दिसणारे हे दृश्य. चाळिशीतला माणूस, एका गालावर रुमाल धरलेला. शेजारी पत्नी, तिच्या हातात कॅरीबॅग. ती टेबलावर रिकामी केली की गेल्या सहा-सात महिन्यांचा इतिहास बाहेर पडतो. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे, तोंडात लावायच्या मलमाच्या पिळून संपवलेल्या दोन ट्यूब, गावातल्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या, दाढ काढल्याची एक पावती. ‘कधीपासून आहे हे?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते. ‘दिवाळीपासून असेल, डॉक्टर. पण दुखत नव्हतं, म्हणून एवढं लक्ष दिलं नाही.’

डॉक्टर बॅटरी हातात घेऊन ‘आ करा’ म्हणतात. तोंड जेमतेम एक बोट उघडते. गालाच्या आतली जखम दाढांच्या मागेपर्यंत पसरलेली असते, हिरडी पोखरलेली असते आणि जबड्याखाली बोराएवढी टणक गाठ हाताला लागते. तुकडा तपासून खात्री करायची राहते एवढेच. तोंडाचा कर्करोग, तोही पुढच्या अवस्थेतला.

‘लोक फार उशिरा येतात’ असे आपण सहज म्हणून जातो. पण त्या पिशवीकडे नीट पाहिले तर वेगळीच गोष्ट दिसते. हा माणूस घरी बसून राहिलेला नाही. तो औषधाच्या दुकानात गेला, दवाखान्यात गेला, दातांच्या डॉक्टरांकडेही गेला. या साऱ्या फेऱ्यांत त्याच्या तोंडात उजेड पाडून कुणी नीट पाहिल्याची एकही नोंद मात्र त्या कागदांत नाही. उशीर रुग्णाने केला हे अर्धेच सत्य आहे. उरलेला अर्धा उशीर त्याला वाटेत भेटलेल्या सगळ्यांनी मिळून केलेला असतो.

आपल्याकडचा सर्वांत मोठा आणि सर्वांत उघडा कर्करोग

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार जणांचा त्याने मृत्यू झाला. भारतीय पुरुषांमध्ये हा पहिल्या क्रमांकाचा कर्करोग आहे. महाराष्ट्राला हे नवे नाही. माजी गृहमंत्री आर. आर. पाटील २०१५ मध्ये अवघ्या ५७ व्या वर्षी याच आजाराने गेले. शरद पवार यांना २००४ मध्ये याच आजाराचे निदान झाले. उपचारांनंतर ते दोन दशके सार्वजनिक जीवनात वावरत आहेत आणि तंबाखू-सुपारीच्या सवयीबद्दल त्यांनी जाहीरपणे खंतही व्यक्त केली आहे. म्हणजे या आजाराने माणूस जातो हे जितके खरे, तितकेच त्यातून उठून तो कामाला लागतो हेही खरे.

स्वादुपिंड, फुप्फुस किंवा अंडाशयाचा कर्करोग शरीराच्या आत लपून वाढतो. त्याला शोधायला यंत्रे लागतात. तोंडाचे तसे नाही. आरसा, पुरेसा उजेड आणि दोन मिनिटांचा वेळ एवढ्यावर संशयित जागा दिसू शकते. तरीही आपल्या देशातले बहुसंख्य रुग्ण रुग्णालयात पोहोचतात ते आजार पुढे सरकल्यावर.

सुरुवात कशी होते

तोंडाचा कर्करोग बहुधा एका रात्रीत उगवत नाही. तंबाखूतली नायट्रोसामाइन गटातील रसायने गालाच्या, हिरडीच्या, जिभेच्या नाजूक अस्तरावर वर्षानुवर्षे काम करीत असतात. तंबाखूत मळलेला चुना निकोटिन लवकर मोकळे करतो आणि अस्तरालाही इजा करतो. ज्या बाजूला बार भरण्याची सवय असते, पुष्कळदा त्याच बाजूचा गाल आणि खालची हिरडी आधी बिघडते. तंबाखूबरोबर दारूही असेल तर धोका नुसता वाढत नाही, तो कैक पटींनी चढतो.

सुपारीबद्दल आपल्याकडे अजून गैरसमज आहे. ‘तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो’ असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. पण सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच स्पष्ट केले. सुपारीमुळे गालाच्या अस्तराखाली तंतू साठत जातात आणि गाल चामड्यासारखा ताठर होतो. आधी तिखट झोंबू लागते, ठेचा-भाकरी नकोशी होते. मग तोंड कमी उघडू लागते आणि एक दिवस पाणीपुरी तोंडात मावत नाही. मावा, खर्रा किंवा गुटखा खाणाऱ्या अठरा-वीस वर्षांच्या मुलांतही हे आता दिसते. एकदा ताठर झालेला गाल सुपारी सोडल्यावरही पूर्ववत होत नाही आणि अशा तोंडात पुढे कर्करोग होण्याची शक्यता कायम राहते. म्हणून सुपारी त्याच दिवशी सोडायची आणि तपासणी मात्र आयुष्यभर चालू ठेवायची.

बायकांचा एक वेगळा प्रश्न आहे. ‘मावशी, काही व्यसन?’ असे विचारले की ‘छे, मला कसलं व्यसन? सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते तेवढीच’ असे उत्तर येते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. पण ती दातांना लावायची वस्तू म्हणून घरात नांदते, म्हणून व्यसनांच्या यादीत येत नाही आणि केसपेपरवरही तिची नोंद होत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ, म्हणजे साधारण चारातला एक जण, धूर न होणाऱ्या तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. ओढणाऱ्यांचे प्रमाण ४ टक्क्यांहूनही कमी होते. आपल्या राज्यात तंबाखूचा खरा मुक्काम तोंडातच आहे.

कर्करोगाआधी तोंड बहुधा सूचना देते. पुसूनही न निघणारा पांढरा चट्टा ही पहिली. मखमलीसारखा लाल चट्टा ही त्याहून गंभीर. न भरणारी जखम, हिरडीवरची खडबडीत वाढ, कारण नसताना हलू लागलेला दात, दात काढल्यावर भरून न येणारी जागा, अचानक बसेनाशी झालेली कवळी, एका बाजूच्या कानात येणारी कळ, मानेतली गाठ याही सूचनाच. यातल्या पहिल्या काही खुणा बहुतेक वेळा दुखत नाहीत, आणि नेमका तिथेच घात होतो.

उशीर कुठे होतो

आपल्या मनात आजाराचे माप म्हणजे वेदना. दुखले की दवाखाना, नाही दुखले की काम. शेतमजूर, रिक्षाचालक, हमाल, धुणीभांडी करणारी बाई यांचा एक दिवस बुडाला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. न दुखणाऱ्या चट्ट्यासाठी कोण सुट्टी घेणार? हा हिशेब मूर्खपणाचा नाही, तो पोटाचा आहे. फक्त या एका आजारात तो हिशेब उलटा पडतो. तोंडात साधा फोड आला की पहिल्या दिवसापासून ठणकतो आणि आठ-दहा दिवसांत बरा होतो. कर्करोगाची जखम मात्र सुरुवातीला गप्प असते. ती दुखू लागते तेव्हा बरेचदा खोलवर गेलेली असते.

दुसरा थांबा औषधाच्या दुकानाचा. ‘तोंड आलंय’ एवढे दोन शब्द पुरतात. गोळ्यांचे पाकीट आणि मलम हातात पडते. पहिल्या वेळी यात गैर काही नाही. तोंड येण्याची बहुतेक कारणे साधीच असतात. चूक होते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या पाकिटाला. ‘किती दिवस झाले?’ हा एक प्रश्न विचारला गेला, तर पुष्कळ माणसे महिनोन्‌महिने आधी रुग्णालयात पोहोचतील.

तिसरा थांबा दवाखान्याचा, आणि इथे वैद्यकीय व्यवसायाने स्वतःकडे पाहायला हवे. गर्दीच्या ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात. मधुमेहासाठी आलेल्याची साखर पाहिली जाते, रक्तदाबाच्या रुग्णाला पट्टा बांधला जातो. खिशातून तंबाखूची पुडी डोकावत असली तरी ‘आ करा’ हे दोन शब्द मात्र राहून जातात. जीभ बाजूला करून, गाल ओढून, जिभेखाली बॅटरी मारून पाहायला फार तर दोन मिनिटे लागतात. वेळ नाही हे कारण खरे आहे, पण ते पुरेसे नाही. हलणाऱ्या दाताभोवतीची हिरडी संशयास्पद दिसत असताना आधी दात उपटणे, हीदेखील अशीच चूक. तिथे आधी तुकडा तपासायला हवा.

चौथा थांबा भीतीचा. ‘हत्यार लागलं की कॅन्सर पसरतो’ हे वाक्य गावोगाव पक्के बसले आहे. तपासणीसाठी जागा बधिर करून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात, काही मिनिटांचे काम असते. त्याने आजार पसरत नाही. पसरतो तो तुकडा न काढता घालवलेल्या महिन्यांत. ज्यांनी ‘तुकडा काढल्यावर माणूस गेला’ असे पाहिले असते, त्यांनी बहुधा फार उशिरा तपासलेला रुग्ण पाहिलेला असतो. उशीर विसरला जातो, तुकडा लक्षात राहतो.

या सगळ्या थांब्यांवर गेलेल्या महिन्यांची किंमत जबर असते. जखम दोन सेंटिमीटरच्या आत असताना रुग्ण आला, तर तेवढा भाग आणि गरजेनुसार मानेतल्या गाठी काढून बहुतेकांचे काम भागते. तो घरी जाऊन जेवतो, बोलतो, कामावर परततो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील शल्यविशारदांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सुरुवातीच्या अवस्थेतील ज्या रुग्णांच्या मानेतल्या गाठीही पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, त्यांतले ८० टक्के तीन वर्षांनंतर हयात होते. आजार जबड्यात आणि मानेत उतरल्यावर मात्र जबड्याचे हाड काढावे लागते, त्या जागी पायाचे हाड किंवा छातीचे मांस बसवावे लागते. त्यानंतर सहा-सात आठवडे किरणोपचार, बऱ्याचदा सोबत केमोथेरपी, नाकातून अन्नाची नळी आणि कायमचे कोरडे तोंड. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचारांचा बराच खर्च निघतो. बुडालेली मजुरी, शहरातले राहणे आणि मुलांची सुटलेली शाळा कोणत्याही योजनेत बसत नाही. आणि एवढे सोसूनही जगण्याची शक्यता सुरुवातीच्या अवस्थेच्या तुलनेत पुष्कळ कमी असते.

केरळने दाखवलेली वाट

तोंडात नुसते डोकावून जीव वाचतात का, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर भारतातच मिळाले आहे. १९९६ पासून केरळच्या तिरुअनंतपुरम जिल्ह्यात डॉ. आर. शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांनी पस्तिशीपुढच्या सुमारे १ लाख ९० हजार लोकांवर मोठा अभ्यास केला. निम्म्या लोकांच्या घरी प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते दर तीन वर्षांनी जात आणि बॅटरीच्या उजेडात तोंड तपासत. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. संशय आला तर ते रुग्णाला पुढे पाठवत. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २००५ मध्ये निष्कर्ष आले. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू तपासणी झालेल्या गटात ३४ टक्क्यांनी कमी होते. सवय नसलेल्यांत असा फायदा दिसला नाही. याचा अर्थ सरळ आहे. सगळ्या गावाला रांगेत उभे करण्याची गरज नाही. ज्यांच्या तोंडात तंबाखू किंवा सुपारी आहे, त्यांच्यापर्यंत पुन्हा पुन्हा पोहोचायला हवे.

महाराष्ट्राला तर हे काम अपरिचित नाही. डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी राज्यातील १ लाख १ हजार ७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून त्यांतल्या चट्ट्यांचा आणि कर्करोगाचा अभ्यास १९७२ मध्येच प्रसिद्ध केला होता. पन्नास वर्षांहून अधिक काळ आपल्याला ठाऊक आहे की गावात जाऊन तोंड तपासता येते.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये तीस वर्षांपुढील प्रत्येकाच्या तोंडाची दर पाच वर्षांनी तपासणी करण्याचे ठरवले. कागदावर हे उत्तम आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयोगटातील किती जणांची अशी तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली, असे पाहिले तर देशातील आकडा एक टक्क्याच्या आसपास निघाला. शंभरातील एक. आशाताईंनी ‘तोंडात जखम आहे का?’ असे विचारून फॉर्म भरला म्हणजे तपासणी झाली असे नाही. न दुखणाऱ्या चट्ट्याचा पत्ता ज्याच्या तोंडात तो आहे त्यालाच नसतो, मग तो ‘हो’ कसे म्हणणार? विचारणे आणि पाहणे यात फरक आहे.

काय करता येईल

यासाठी नव्या यंत्रांची किंवा मोठ्या इमारतींची वाट पाहायला नको. तंबाखू, मिश्री किंवा सुपारीची सवय असलेला तिशीपुढचा माणूस कोणत्याही कारणाने दवाखान्यात आला, तर त्याचे तोंड पाहिल्याशिवाय त्याला सोडायचे नाही, एवढी शिस्त सरकारी आणि खासगी दोन्हीकडे लागली पाहिजे. केसपेपरवर रक्तदाबाशेजारी तोंडाची एक ओळ असावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणाऱ्याला बॅटरी, हातमोजे आणि प्रत्यक्ष रुग्णांवरचे प्रशिक्षण मिळावे. तालुक्याच्या ठिकाणी संशयित रुग्णाचा तुकडा काढण्याचा एक ठरलेला वार असावा आणि त्याचा अहवाल रुग्णापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीवर असावी. किती जणांची तपासणी झाली हा आकडा फुगवणे सोपे आहे. संशयित ठरलेल्यांपैकी किती जण खरोखर उपचारापर्यंत पोहोचले, हा आकडा विचारला जायला हवा.

तंबाखूबंदीच्या नुसत्या घोषणांवर विसंबून चालणार नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ती योग्यच आहे. पण पुड्या कुठे मिळतात हे टपरीवर उभे राहणाऱ्या कुणालाही विचारावे. बंदीची अंमलबजावणी हवीच, पण आज ज्यांच्या तोंडात चट्टा आहे त्यांना ती वाचवणार नाही. त्यांना वाचवेल ती तपासणी.

घरच्या घरी प्रत्येकाला करता येईल असेही काही आहे. महिन्यातून एकदा, चूळ भरून, आरशासमोर चांगल्या उजेडात उभे राहावे. ओठ उलटून पाहावेत. दोन्ही गाल बोटाने ओढून आतली बाजू आणि हिरड्या पाहाव्यात. जीभ बाहेर काढून दोन्ही कडा, मग ती टाळूला लावून जिभेखालचा भाग पाहावा. टाळू पाहावी. जबड्याखाली आणि मानेवर बोटे फिरवून गाठ लागते का ते चाचपावे. शेवटी स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. ती मावत नसतील, तर कारण शोधलेच पाहिजे. आणि एक नियम सगळ्यांसाठी, व्यसन असो वा नसो. तोंडातली कोणतीही जखम, चट्टा किंवा गाठ दोन आठवड्यांत गेली नाही, तर पुढचे मलम न घेता ती दातांच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायची. एखादा टोकदार दात जिभेला सतत घासत असेल, तर तोही दुरुस्त करून घ्यायचा. तंबाखू सोडायला मदत हवी असेल, तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.

तपासणीला येणाऱ्या माणसाला आणखी एक गोष्ट हवी असते, ती म्हणजे न रागावणारा माणूस. ‘तंबाखू खाल्लीत ना, आता भोगा’ असे एकदा ऐकलेला रुग्ण पुढच्या वेळी चट्टा लपवतो. व्यसनाबद्दल त्याची कानउघाडणी घरी, कामावर, सगळीकडे झालेली असते. दवाखान्यात त्याला बसायला खुर्ची मिळावी आणि शांतपणे म्हटलेले दोन शब्द मिळावेत. ‘दादा, आ करा.’ ते दिवाळीत म्हटले गेले असते, तर होळीनंतर टेबलावर रिकामी झालेली ती पिशवी एवढी जड झाली नसती.